जुनं सॉकेट, नवा प्रोसेसर

प्रिय फुटपट्टी,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, म्हणजे मी आणि तुझे बाबा, आणि आता आपला कॉम्प्युटरसुद्धा. हे पत्र खरं तर त्याच्याबद्दलच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि "आई, मुद्द्यावर ये" म्हणतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही. मी मुद्द्यावर माझ्या चालीने येणार आहे आणि तू सगळं नीट वाचणार आहेस.

दोघींनाही माहीत आहे ते आधी मांडून ठेवते. तुझं शिक्षण संपत आलं. ज्या केंद्रात तू कृत्रिम पाय बनवायला शिकलीस त्यांनीच तुला लहान मुलांच्या विभागात जागा देऊ केली आहे, आणि हो की नाही ते येत्या सोमवारपर्यंत तुला कळवायचं आहे. तू मला म्हणालीस, "बघू." तुझं "बघू" मी तू चार वर्षांची असल्यापासून ओळखते. एखादी गोष्ट तुला मनापासून हवी असली आणि मागायला संकोच वाटत असला की तू "बघू" म्हणतेस. नको असेल तर सरळ "नको" म्हणून मोकळी होतेस, वर कारणही देत नाहीस. तेव्हा हे "बघू" माझ्यामुळे आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं. आता मी कॉम्प्युटरकडे वळते. तुला वाटेल आई विषय बदलतेय, पण विषय तोच आहे.

माळीबुवांची गोष्ट तू बाबांकडून ऐकलीस. बाबांनी सांगताना माझी बाजू सावरली असणार, म्हणून ती एकदा माझ्याकडून ऐक. सार्वजनिक बागेतले माळीबुवा, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, तू गेल्या वर्षी सुट्टीला घरी आली होतीस तेव्हा आपण पहिला पाय दिला तेच. पहिल्या वर्षात स्टंप आटतो, हे तुला काय सांगायचं. उरलेला पाय बारीक होतो, त्यावर पेल्यासारखं बसवलेलं सॉकेट ढिलं पडतं, आणि माणूस आत मोज्यावर मोजे चढवून दिवस ढकलतो. बुवा पाच मोज्यांवर पोचले होते. म्हणून नवं सॉकेट करायला घेतलं. स्कॅन झाला, पायाचा आकार पडद्यावर आला. नडगीच्या हाडापाशी जागा सोडली आणि मागून, पोटरीच्या बाजूने, तीन मिलिमीटर आत घ्यायला क्लिक केलं. पडद्यावर काही हललं नाही. ते गोल चाक फिरत बसलं. बुवा बाकावर बसून गुलाबाच्या किडीबद्दल सांगत होते, मी हो हो करत होते. मला वाटलं क्लिक लागलंच नाही, म्हणून पुन्हा केलं. कॉम्प्युटरने दोन्ही ऐकली होती. त्याला फक्त वेळ लागत होता. तीनाचे सहा झाले.

मशीन संथ होतं हे खरं, पण कोरायला पाठवायच्या आधी मी आकडा पुन्हा बघितला नाही, हे माझं. प्लास्टरचा साचा कोरला गेला, त्यावर प्लास्टिक ओढलं, सॉकेट तयार झालं. घालताना बुवांना घट्ट वाटलं. मी म्हटलं, नवं सॉकेट घट्टच वाटतं. तीस वर्षं मी हे वाक्य म्हणतेय आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पाचव्या दिवशी बुवा काठी टेकत आले. पाय उघडून बघते तर पोटरीवर हाताच्या पंजाएवढा लाल चट्टा, आणि मध्ये फोड. आणि ते मला काय म्हणाले असतील? "बाई, माझाच पाय सुजला असंल. तुमचं माप कशाला चुकतंय." मी फोडाला पट्टी बांधली आणि सॉकेट ठेवून घेतलं. ते गेल्यावर मात्र मागच्या खोलीत जाऊन रडले. तुझ्या बाबांनी बघितलं, आणि म्हणूनच त्यांनी तुला त्याच संध्याकाळी फोन केला. एरवी त्यांच्या पोटात काही राहत नाही हे खरं, पण या वेळी ते घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी तुझी यादी आली. नवा कॉम्प्युटर, त्यातला एकेक भाग नावानिशी, आणि खाली "आई, हा घे, मी बसवून देते." यादी मी दोनदा वाचली आणि मला हसू आलं. दोन पडदे. मला डोकं एक, डोळे एकाच दिशेला, दोन पडदे कशाला? शिवाय उंच पाठीची खुर्ची. मी तीस वर्षं स्टुलावर बसतेय आणि स्टूल सोडायचा माझा विचार नाही. टेबल खिडकीपर्यंत वाढवून घ्यायचं, असंही लिहिलं होतंस. एका माणसाचं टेबल खिडकीपर्यंत कशाला जाईल? तू मला कॉम्प्युटरची यादी पाठवली नव्हतीस, तू परत येतेयस असं कळवलं होतंस. फक्त ते तुला स्वतःलाही अजून नीट माहीत नव्हतं. बाबांना मी काही सांगितलं नाही, पण त्यांनीही यादी वाचली. दुपारी बघते तर तुझ्या खोलीतल्या पलंगावरची खोकी बाहेर आली होती आणि स्वारी शीळ घालत खिडकीच्या काचा पुसत होती.

त्या दिवशी मीसुद्धा शीळ घातली असती. पण मला ती आठ वर्षांची मुलगी आठवली. तुला आठवते का? तू तेव्हा दहाची असशील. तिला आपण सुंदर पाय केला होता, माप चोख, वजन हलकं, आणि ती काही केल्या घालेना. आईबापांनी समजावलं, मी समजावलं, सगळ्यांनी हात टेकले. मी आतून पट्टे घेऊन येते तर तू तिच्याशेजारी जमिनीवर बसून त्या पायाच्या बोटांना लाल नखं काढत होतीस, माझ्या खुणांच्या रंगाने. तो रंग निघत नाही. मी तुला सगळ्यांदेखत झापलं. तोवर त्या मुलीने पाय चढवला होता आणि चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांना धरून आरशापर्यंत चालत गेली होती, स्वतःची नखं बघायला. तुझं कौतुक करायचं सोडून मी रंगाबद्दल बोलत राहिले. त्या दिवसाबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, ते आज म्हणते: चुकलं माझं. मला मोठ्या माणसांचे पाय येतात. मुलांचे पाय तुला तेव्हापासून येतात.

तर, यादी. नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही असं मी ठरवलं, आणि त्याला कारण आहे, हट्ट नाही. आपलं कोरायचं मशीन कॉम्प्युटरशी ज्या कार्डातून बोलतं, त्या कार्डाला हल्लीच्या कॉम्प्युटरच्या बोर्डांत बसायला जागाच नसते. कॉम्प्युटर बदलला की कार्ड बदला, कार्ड बदललं की कोरायचं मशीन बदला, मशीन बदललं की सॉफ्टवेअर बदला, आणि मग माझ्या बोटांना जे डोळे मिटूनही सापडतं ते सगळं नव्याने शोधत बसा. एवढा पसारा जो मांडेल त्याने पुढे वीस वर्षं काम करायला हवं. मला माझ्या हातांचा अंदाज आहे. सात वर्षं चांगली, आठवं बोनस. सात वर्षांपुरतं काय लागेल, एवढाच माझा प्रश्न होता.

म्हणून मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तुझ्या शाळेमागच्या गल्लीतला, जो गिऱ्हाइकाकडे न बघता मशीनशीच बोलतो, तोच. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आत वाकून बघितलं. मग डब्याला म्हणाला, "तुला पिठाच्या गिरणीत ठेवलंय की काय?" आतून बाहेरून सगळं पांढरं. अकरा वर्षांची प्लास्टरची धूळ, पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, कुठे कुठे थर जमून त्याची वडी झालेली. आत हवाच खेळत नव्हती. प्रोसेसर तापला की स्वतःहून हळू चालतो म्हणे, जळू नये म्हणून. शहाणा आहे. साफसफाई केल्यावर फरक पडला, पण पुरता नाही. मग त्याने मला एक खिडकी उघडून दाखवली, त्यात कॉम्प्युटरचा कुठला भाग किती दमलाय ते दिसतं. मी बुवांचाच जुना आकार उघडला आणि पोटरी आत घेऊन बघितली. मेमरी अर्धी रिकामी. डिस्क निवांत. आणि प्रोसेसर मात्र शंभराला टेकलेला, खाली यायचं नाव नाही. दुरुस्तीवाला डब्याला म्हणाला, "घाम एकालाच फुटलाय, मग सगळ्यांना कशाला बदला?" मला हा माणूस त्या क्षणी आवडला. आपणही काय करतो? जिथे लागतंय ते शोधतो आणि तेवढंच खरवडतो.

इथपर्यंत तुझी आई शहाण्यासारखी वागली. पुढचं ऐकून तू हसणार आहेस, तर हस. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, "बाई, तुमचं सॉकेट जुनं आहे. त्यात हल्लीचं काही बसायचं नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं सॉकेट जुनं? तीस वर्षं मी सॉकेट बनवते, बाहेरगावची माणसं येतात, आणि हा मला सांगणार? मी त्याला असं काही सुनावलं की बिचारा पहिल्यांदाच माणसाशी बोलला. म्हणाला, "बाई, प्रोसेसर बसतो त्या खोबणीलाही सॉकेटच म्हणतात." बाबा पेपरमागे तोंड लपवून हसत होते, पेपर थरथरत होता.

एवढं झाल्यावर माणसाने त्याचं ऐकावं की नाही? पण मी म्हटलं, सॉकेट आहे ना, मग ते मला कळतं. खोबण असेल तर तिला माप असेल, आणि माप घेणं हा माझा धंदा आहे. त्याने प्रोसेसर काढून माझ्या हातावर ठेवला होता तेव्हाच मी व्हर्नियर लावून मोजून घेतला होता: साडेसदतीस मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी, जाडीसकट सगळं वहीत लिहिलेलं. मी वही आणि व्हर्नियर घेऊन दुकानात गेले. तिथल्या माणसाने दोनतीन जुने प्रोसेसर समोर मांडले. पिढी कुठली, नंबर काय, असं तो विचारत होता, आणि मी त्याला हाताने थांबवून एकेक मोजत होते. त्यातला जो सगळ्यांत ताकदीचा होता तो मोजला. साडेसदतीस. दोन्ही बाजूंनी. जाडी केसाएवढीही इकडची तिकडे नाही. मी विजयी मुद्रेने तो घेऊन घरी आले. दुकानदार मागून काहीतरी म्हणत होता, ते मी ऐकलं नाही.

दुरुस्तीवाल्याने तो बोर्डापाशी धरला, एकदा वळवला, दुसऱ्यांदा वळवला, आणि बोर्डाला म्हणाला, "तुझं नव्हे रे हे." माप जुळत होतं, खाचा जुळत नव्हत्या. कडेला दोन बारीक खाचा असतात, प्रत्येक पिढीत त्या थोड्या सरकवलेल्या असतात, चुकीचा प्रोसेसर चुकून बसू नये म्हणूनच. आकार सगळ्यांचा तोच ठेवलेला. आता हे जगात कुणीही केलं नसतं. दुसरं कुणी नंबर वाचून आणलं असतं आणि एका खेपेत काम झालं असतं. मोजून आणायची बुद्धी फक्त आपल्याच घरात होते. बाबांनी तो प्रोसेसर दुरुस्तीवाल्याच्या चिठ्ठीसह परत नेऊन दिला, आणि दुकानदाराने चिठ्ठीवरचा नंबर वाचून बरोबर तोच हातात ठेवला. म्हणाला, "मी त्या दिवशी बाईंना हेच विचारत होतो." बाबांनी हे वाक्य आतापर्यंत मला चार वेळा ऐकवलं आहे, जेवताना दोनदा.

तो आला, पण लगेच बसवायचा नव्हता. बोर्डात सुरुवातीचा एक छोटा प्रोग्राम असतो, तो आधी नवा करावा लागतो, जुना प्रोसेसर आत असतानाच, नाहीतर नवा आला तरी बोर्ड त्याला ओळखणार नाही. हे काम चारपाच मिनिटांचं, पण त्या मिनिटांत वीज गेली की बोर्ड कायमचा गेला. आणि शेजारच्या सुताराची मोठी करवत सुरू झाली की आपले दिवे कसे डोळे मिचकावतात ते तुला माहीत आहे. बाबा स्वतः सुताराकडे गेले आणि म्हणाले, "पाच मिनिटं करवत थांबवा, आमच्याकडे ऑपरेशन चालू आहे." सुताराने करवत तर थांबवलीच, वर बायकोला घेऊन चौकशीला आला. दोघं दारात उभी, चेहरे उतरलेले, कोणाचं काय झालं विचारायची हिंमत नाही. आत आम्ही तिघं पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीकडे श्वास रोखून बघतोय. पट्टी पूर्ण झाली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला, सुताराच्यासुद्धा, कारण तोवर त्यालाही काय चाललंय ते कळलं होतं. त्या दोघांना चहा देऊन मगच पाठवलं.

प्रोसेसर मी बसवला. दुरुस्तीवाला बसवणार होता, पण त्याने माझे हात बघितले आणि बोर्डाला म्हणाला, "बाईंचा हात आपल्यापेक्षा हलका आहे, त्यांनाच बसवू दे." छोटी दांडी उचलायची, कोपऱ्यावरचा त्रिकोण त्रिकोणाला जुळवायचा, खाचा खाचांना, आणि सोडून द्यायचं. दाबायचं अजिबात नाही, तो आपल्या वजनाने बसतो. मग वाटाण्याएवढी पेस्ट, उष्णता पंख्याकडे जावी म्हणून. बाबांना मी म्हटलं पेस्ट द्या, तर ते दात घासायची घेऊन आले, आणि आम्ही हसल्यावर म्हणाले की मीही एकदा चूक करायला नको का. पहिल्या खेपेला चालू झाला. मी बुवांचा आकार उघडला, पोटरी तीन मिलिमीटर आत घेतली, आणि माउसवरचं बोट उचलायच्या आत ती गेलीसुद्धा. मला क्षणभर खरंच वाटेना. मी आकडा बघितला. तीन. पुन्हा बघितला. तीनच.

पण मशीन वेगवान झालं म्हणून चूक होणार नाही, असं मी मानत नाही. उलट आता ती लवकर होईल. म्हणून एक पद्धत घातली आहे. कोरायला पाठवायच्या आधी प्रत्येक बदल मी कागदावर हाताने लिहिते, आणि बाबा तो कागद हातात घेऊन पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून बघतात. मोठ्याने वाचून, एकेक. त्यांना स्टंप कशाशी खातात ते माहीत नाही, पण त्या माणसाने चौतीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं तपासली आहेत. एका गाडीचं एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर त्यांना झोप येत नसे. गेल्या गुरुवारी त्यांनी मला पकडलं. मी बाराच्या जागी एकवीस लिहिलं होतं. "हे एकवीस कुठून आलं? बाकी सगळे पंधराच्या आत आहेत," म्हणाले, अगदी शांतपणे, चष्म्यावरून बघत. मी त्यांच्याकडे नव्याने बघितलं. निवृत्त झाल्यापासून ते घरात इकडून तिकडे फिरायचे, पेपर तीनदा वाचायचे, माझ्या पट्ट्यांच्या डब्या विनाकारण लावायचे. आता सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून वर्कशॉपमध्ये येतात, घरातल्या घरात. मी त्यांना स्टूल दिलं तर म्हणाले, मला पाठीची खुर्ची हवी. तेवढी तुझ्या यादीतली एक वस्तू घेतली.

बुवांचं सॉकेट परवा दिलं. फोड बरा होईपर्यंत थांबले होते. घातलं, दोन दांड्यांमध्ये चालून बघितलं, मग दांड्या सोडून. मी विचारलं घट्ट वाटतंय का, आणि या वेळी उत्तर नीट ऐकलं. त्यांनी वाकून पोटरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता पाय घातलाय असं वाटत नाही, पाय हाय असं वाटतंय." मग मी त्यांना सांगितलं की मागच्या वेळी तुमचा पाय सुजला नव्हता, माझी चूक होती. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं, बाई." एवढंच. आज सकाळी मी बागेवरून गेले तर ते फावडं मारत होते, डाव्या पायावर भार देऊन.

आता मुद्दा. काल दुपारी तुमच्या केंद्राच्या प्रमुख बाईंचा फोन आला. तुझ्या अर्जात तू लिहिलं आहेस म्हणे, की घरच्या वर्कशॉपला गरज पडली तर मला मध्येच जावं लागेल. लहान मुलांच्या विभागात माणूस तयार करायला त्यांची तीन वर्षं जातात, एकेक मूल वाढेल तसा त्याचा पाय दर काही महिन्यांनी तोच हात बदलतो, मध्येच सोडून जाणारं माणूस त्यांना नको आहे. म्हणून त्यांनी सरळ मलाच विचारलं, तुमच्या वर्कशॉपला तिची गरज आहे का. महिन्यापूर्वी विचारलं असतं तर माझी जीभ अडखळली असती, आणि त्यांना ते ऐकू गेलं असतं. काल मी एका दमात नाही म्हटलं. तुझ्या वतीने, तुला न विचारता. हे तुला त्यांच्याकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून आज हे लिहायला बसले. रागाव, हवं तर आठवडाभर फोन उचलू नकोस, पण सोमवारी त्यांना हो म्हण. मी खोटं बोललेले नाही. वर्कशॉपला तुझी गरज नाही. मला आहे, रोज आहे, सकाळी दार उघडताना तर फारच. ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुला सांगतेय.

तुझीच,
आई